खाजण : मानवनिर्मित भूदृश्य आणि त्याची शब्दसंपदा

साहित्यसमीक्षेत ‘निसर्गवर्णन’ ही संज्ञा आपण इतक्या सैलपणे योजतो, की वर्णिलेला निसर्ग माणसानेच घडविलेला तर नाही, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. गोव्यातील मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठची सपाट भातशेते पाहावीत. ही खाजणे मूळची भरतीच्या पाण्याखालील खारफुटीची भूमी. बांध घालून ती खाडीकडून मिळविलेली आहे. तिचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानले जाते.

या रचनेचा प्राण म्हणजे ‘मानस’. संस्कृताभ्यासी वाचकाला येथे मन आठवेल. परंतु ही मानस म्हणजे बांधातील लाकडी झडपांचे द्वार होय. भरतीचे पाणी झडपा दाबून बंद करते, ओहोटीच्या वेळी आतले पाणी त्या उघडते. मानशीच्या आतील तळे ते ‘पोय’. पावसाने मीठ धुतले गेले की ‘कोरगूट’ हे खारेपणा सोसणारे भात पेरावयाचे. कापणीनंतर आत घेतलेल्या पाण्यात मासळी व कोळंबी, क्वचित मीठही.

बांधाची निगा गावकरी संस्थेकडे असे. या संस्थेचे रूढ नियम पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत नोंदविले. १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला न्याय मिळाला, हे निर्विवाद. परंतु जमीन तुकड्यातुकड्यांनी कुळांची झाली आणि बांध मात्र अखंडच राहिला. मानशीची ‘पावणी’, म्हणजे मासेमारीच्या हक्काचा लिलाव, किफायतशीर ठरताच खारे पाणी आत घेण्याचा मोह वाढला. बांध फुटला की शेत बुडते, कालांतराने तेथे खारफुटी उगवते. आणि १९९१ च्या किनारा-नियमन अधिसूचनेपासून खारफुटीला संरक्षण असल्याने ते शेत पुन्हा उभे करणे दुष्कर होते. परक्याला तेथे निसर्ग परतल्याचा आनंद वाटावा, हे स्वाभाविकच!

‘खाजण’ या शब्दाचे भाषांतर ‘खारी दलदल’ असे केल्यास त्यातील बांध, आणि बांधाबरोबर श्रमही, गळून पडतो. केरळातील ‘पोक्काळी’ शेतीत भात व कोळंबी यांचे असेच आवर्तन आहे. कुट्टनाडच्या, पाण्यातून काढलेल्या शेतांवरील मजुरांना तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी ‘रंडिटंगळी’ (१९४८) या कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. तेथील भूदृश्य वाचताना बांध विसरता येत नाही.