पैठण परिसरातील उपेक्षित स्थळे : स्थानपोथीच्या दृष्टीने

पैठणास येणारा यात्रेकरू बहुधा नाथमहाराजांच्या समाधीचे दर्शन घेतो, धरणाची भिंत पाहतो, जमल्यास पैठणीच्या मागावर दृष्टी टाकतो आणि सायंकाळच्या गाडीने परततो. यात दोष काही नाही. परंतु या क्रमाने प्रतिष्ठान नगरी त्याच्या दृष्टीस पडत नाही, कारण उभ्या वास्तूंत ती फारशी उरलेलीच नाही. ती कोठे होती, हेच तेथे पाहावयाचे असते. आणि ही पाहण्याची रीत मराठीत कोणी शिकविली असेल तर ती मुनि व्यासांच्या नावावर असलेल्या स्थानपोथीने.

स्थानपोथी वास्तूचे सौंदर्य वर्णीत नाही. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, चौक कोठे, पटिसाळ कोठे, परिश्रयाची जागा कोणत्या अंगास, एवढेच ती नोंदते. स्वामींचा मुक्काम जेथे काही काळ घडला ते अवस्थान, रात्र झाली ती वसती, क्षणभर बसणे झाले ते आसन, असा भेदही ती सांभाळते. आजच्या वाचकास हा तपशील रुक्ष वाटतो. पण परिश्रयाची दिशासुद्धा न विसरणारी ही दृष्टी किती सावध होती, हे जागेवर उभे राहिल्यावरच उमगते.

लीळाचरित्रातील एकांक संपून पूर्वार्ध सुरू होतो तो पैठणच्या मुक्कामाने. तेथील भोगनारायणाच्या अवस्थानाचे नाव अभ्यासकांस परिचित आहे. त्या काळचे पैठण देवळांचे व मठांचे नगर होते. पुढे देवळे पडली, त्यांचे दगड इतर बांधकामांत गेले. पोथीतील खूण देवळाच्या दाराशी बांधलेली असेल तर देवळाबरोबर ती सुटते. नदीच्या काठाशी, घाटाशी बांधलेली असेल तर टिकते. म्हणून पैठणात आधी गोदावरीचा उत्तर काठ पायी चालावा, मग गावात शिरावे. नागघाट आणि कोरीव तीर्थस्तंभ हे दोन्ही या ओघात येतात. स्तंभापाशी मात्र घाई करू नये.

गावाच्या जुन्या टेकाडांना लोक पालथी नगरी म्हणतात. पुराणवस्तुशास्त्राचा शब्द याहून नेमका असेल, समर्पक नसेल. इ. स. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचे नाव आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून मौल्यवान खडे बंदराकडे जात, असे तो लेखक सांगतो. १९६५ साली येथे उत्खनन झाले. पुढे १९९६ ते १९९९ या काळात झालेल्या उत्खननात यादवांच्याही सात-आठशे वर्षे आधीची विटांची देवळे उघडकीस आली. त्याचा सविस्तर वृत्तान्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे स्वामींच्या वेळचे पैठणही एका जुन्या, गाडल्या गेलेल्या पैठणावर उभे होते. बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय पाहताना हे ध्यानी असावे. मणी, नाणी, मृण्मय मूर्ती या तेथील वस्तू आकाराने लहान आहेत, पण पालथी नगरी सुलटी करून दाखविण्याचे काम त्याच करतात.

पूर्वेस गोदाकाठी आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे हे गाव असल्याने तेथे यात्रेकरू जातात. त्यास उपेक्षित म्हणता येणार नाही.

वायव्येकडील प्रवरासंगमाकडे मात्र हमरस्त्यावरून जाणारे हजारो लोक पुलावरून नुसती दृष्टी टाकून पुढे जातात. संगमावरील टोके येथे पेशवाईतील सिद्धेश्वराचे देऊळ असून त्याच्या भिंतींवरील शिल्पपट निवांत पाहण्याजोगे आहेत. समोरच्या काठावर कायगाव, तेथेही जुनी शिवालये आहेत.

येथेच अभ्यासकाची खरी अडचण सुरू होते. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीमागे जे पाणी साठले, त्याने दुष्काळी मराठवाड्याची शेती भिजविली. मात्र अनेक गावे उठली आणि काठ बदलला. देवळे गेल्यावर नदी ही एकच खूण उरली होती. धरणाच्या वरच्या अंगास तीही सुटली. जेथे पूर्वी वाळवंट आणि पायवाट होती तेथे आता नाथसागर आहे. तेव्हा पोथीतील अंतरे आजच्या काठापासून मोजणे व्यर्थ. ती जुन्या पात्रापासून मोजावी लागतात, आणि त्यासाठी धरणापूर्वीचे नकाशे हाताशी हवेत.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, त्या वेळी पाणी भरलेले असते. जुन्या गावठाणांच्या खुणा मात्र पाणी ओसरल्यावरच उघड्या पडतात. म्हणून स्थानशोधनासाठी निघणाऱ्याने पक्ष्यांचा मोह सोडून वैशाखातील ऊन पत्करावे, भल्या पहाटे निघावे आणि काठावरच्या चिखलात एकट्याने उतरू नये.