पंचवीस की बावन्न

ईट, ता. भूम

चि. सौ. माईस,


तुझं पत्र आणि पुस्तकांची यादी मिळाली. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, त्यावर घरात जे बोलणं व्हायचं ते होऊन गेलं. मी त्यात पुन्हा शिरत नाही. तू विचारलंस ते एवढंच, की पहिली ते चौथीच्या गणिताला काय घेऊ: सिंगापूरचा संच, रोज नवा धडा आणि रोज मागची उजळणी असलेली अमेरिकेतली जाड पुस्तकं, कुमॉनसारखे सरावाचे कागद, की आपली सरकारी पुस्तकं? जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बहुतेक पहिली-दुसरीच शिकवली, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. बालभारतीचं पुस्तक कणा म्हणून धर आणि परदेशी संच घेऊ नकोस. पैसे वाचावेत म्हणून हे म्हणत नाही.

मराठी मूल पंचवीस हा आकडा ऐकतं तेव्हा त्याच्या कानावर आधी पाच येतात, मग वीस. म्हणून ते ५२ लिहितं. बावन्न म्हटलं की २५. वर्गात दरवर्षी अशी पाच-सात मुलं असायचीच, आणि ती कच्ची नव्हती. जसं ऐकलं तसं लिहीत होती. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं पुढच्या दशकावरून आलेली. एकोणनव्वदपर्यंत तीच रीत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द मुलाला सुटा पाठ करावा लागतो. जपानी मूल २१ ला ‘दोन दहा एक’ म्हणतं, कन्नड मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस आणि एक म्हणतं, इंग्रजीतही विसाच्या पुढे गाडी सरळ आहे. त्या भाषांमध्ये दशक-एकक नावातच सापडतात. आपल्याकडे ते हातानं दाखवावे लागतात आणि त्याला बराच वेळ द्यावा लागतो. बाहेर तयार झालेल्या संचात हा वेळ धरलेलाच नसतो. ते पुढे निघून जातात, आणि आपलं मूल ५२ लिहीत मागे राहतं.

तुला २०१९ चा वाद आठवत असेल. दुसरीच्या पुस्तकात एकवीस ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली आणि गदारोळ झाला, विधानसभेतसुद्धा चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. उलटा क्रम आणि जोडाक्षरं यांमुळे लहान मुलं अडखळतात, असं त्या समजावून सांगत होत्या. पुष्कळांनी थट्टाच केली. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. धाकटीला पहिले काही महिने दोन्ही म्हणू दे: आधी ‘वीस पाच’, लगेच मागोमाग ‘पंचवीस’. जुनं नाव सोडायचं नाही, कारण आजीशी आणि बाजारात तेच बोलायचं आहे.

तू म्हणशील, आम्ही इंग्रजीतूनच मोजतो, मग हा प्रश्न कुठे येतो? इंग्रजीतून मोजा, हरकत नाही. बालभारतीची पुस्तकं इंग्रजीतही आहेत. पण मराठीनं आकड्यांत जितकं अवघड केलं आहे, तितकंच अपूर्णांकात हातचं दिलं आहे, आणि ते सोडून देणं मला परवडणारं वाटत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आपलं मूल शाळेच्या आधीच बोलतं. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी पाठ करून घेत. इथली म्हातारी माणसं अजून सात दीडे साडेदहा तोंडानं सांगतात. परदेशी पुस्तक अर्ध्या-पावाची ओळख वर्तुळाचे तुकडे रंगवून करून देतं. तुझा थोरला सव्वा किलो बटाटे आणायला जातो, त्याला वर्तुळ रंगवत कशाला बसवायचं? सव्वा किलोचे ३० रुपये किलोनं किती होतील, असं विचार. कागद-पेन्सिल देऊ नकोस.

सिंगापूरच्या पद्धतीत घेण्यासारखं एक आहे, ते जरूर घे. ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या विचारातून त्यांनी क्रम घेतला: आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह. शाब्दिक उदाहरणात ते माहीत असलेल्या आणि नसलेल्या राशींच्या लांब पट्ट्या काढायला लावतात. तिसरीपासून हे कर, त्याला कोरा कागद पुरतो. बालभारतीत शाब्दिक उदाहरणं थोडी आहेत आणि सरावही कमी पडतो, हे मी शिकवताना नेहमी पाहिलं. त्यासाठी एनसीईआरटीचं ‘मॅथ्स मेला’ जोडीला ठेव. तिसरीचं २०२४ ला आलं, चौथी-पाचवीचं २०२५ ला. दोन्हीकडची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. साहित्य म्हणशील तर दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ संस्थेची गणितमाळ चांगली: शंभर मण्यांची, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. घरी ओवलीस तरी तेच काम करते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, चिंचोके आणि दहा रुपयांच्या-रुपयाच्या खोट्या नोटा एवढ्यावर दुसरीपर्यंतचं गणित होतं.

आता जास्त महत्त्वाचं. जे धरशील ते निदान दोन वर्षं सोडू नकोस. एका पुस्तकात बेरीज पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नाहीत, दुसऱ्यात सगळे घटक दरवर्षी थोडे थोडे परत येतात. दर सहा महिन्यांनी पुस्तक बदललं की मुलाला बेरीज तीनदा भेटते आणि भागाकार किंवा मापन एकदाही नाही. घरी शिकवणाऱ्या आयांना हे उशिरा कळतं, कारण शेजारच्या बाकावर बरोबरीचं मूल नसतं.

थोरला सातव्या वर्षी अजून वजाबाकीत अडतो म्हणून तू घाबरली आहेस. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात बेनेझेट नावाच्या शिक्षण अधीक्षकांनी १९२९ च्या सुमारास काही वर्गांतून सहावीपर्यंत कागदावरचं अंकगणितच काढून टाकलं. त्याऐवजी मुलं बोलत, अंदाज बांधत, मोजत, घड्याळ नि पैसे वापरत. सहावीत रीतसर शिकवल्यावर ती वर्षभरात इतरांच्या बरोबरीला आली. तू इतकं लांबवावंस असं मी म्हणत नाही. कागदावरची रीत उशिरा आली तर मूल बुडत नाही, संख्येशी बोलणं मात्र थांबता कामा नये, एवढंच मी त्यातून घेते.

परीक्षेची काळजी आत्ता नको. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला देता येते. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहेच.

उन्हाळ्यात महिनाभर दोघांना इकडे ठेव. आपल्या भूम तालुक्यात घरोघरी दूध आणि ठिकठिकाणी खव्याच्या भट्ट्या. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो; २३ लिटरचा किती, हे थोरला भट्टीवर बसून काढेल. दूध संकलन केंद्रावर पावती मिळते, तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम असं सगळं छापलेलं असतं. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, पॉइंट खाली गेला की पैसे कापतात. ४.०५ लिटर आणि ४.५ लिटर यांत साडेचारशे मिलिलिटर जातात, हे ज्या पोरानं आपल्या घरच्या किटलीवर पाहिलं त्याला दशांश चिन्हानंतरचं शून्य शिकवावं लागत नाही. ३.१२ हे ३.८ पेक्षा मोठं, कारण बारा आठापेक्षा मोठे, असं म्हणणारी पाचवीची मुलं मी पाहिली आहेत. त्यांची पुस्तकं पूर्ण झालेली होती.

काही विकत घेण्याआधी एक कर. थोरल्याला ४० मधून १७ वजा करायला सांग आणि त्यानं कसं केलं ते तोंडी विचार. ३७ आले, तर तो वरच्या-खालच्या आकड्यांतून लहान आकडा मोठ्यातून काढतो आहे. मग कुठलंही पुस्तक उघडू नकोस. दहाचा गठ्ठा सोडून सुटे करणं परत सुरू कर, नोटांनी आणि काड्यांनी. २३ आले तरी कसे आले ते ऐक. बोटं मोजून आले असतील तर तेही लिहून ठेव. त्यानं केलेला कागद खाडाखोड न पुसता, काही दुरुस्त न करता मला पाठव. धाकटीला पंचवीस, बावन्न, एकोणतीस आणि साठ लिहायला सांगून तोही कागद सोबत टाक. ते दोन्ही पाहून पहिलीच्या पुस्तकापासून सुरू करायचं की दुसरीच्या, ते उलट टपाली कळवते.

जावयांना नमस्कार सांग, पोरांना गोड पापा.

तुझी
आत्या