आधी ऐक, मग पान्याला हात घाल

सातारा,
18 जानेवारी

चि. अमोल यास,


परवा फोनवर तू त्या गुरुजींच्या गाडीचं सांगितलंस. हायवेला 80 च्या पुढे गेली की बारीक, कानात घुसणारा आवाज सुरू होतो. पुढचे दोन टायर त्यांनी दुसरीकडे बदलून घेतले, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग तू बदललंस, आणि आवाज जिथल्या तिथे आहे. आता गिअरबॉक्स उतरवू का, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून लिहून पाठवतोय. गिअरबॉक्सला अजिबात हात लावू नकोस. हे पत्र दोनदा वाच आणि मग गाडी काढ.

शिरवळसारख्या हायवेवरच्या गावात तू गॅरेज टाकलंस, तेव्हा अशा तक्रारी रोज येणार. त्यासाठी एकच नियम तुला देतो: आवाज कशाच्या मागे चालतो हे ठरल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही. गाडीतला कुठलाही आवाज कशाच्या तरी मागे चालतो. एक, इंजिनाचे फेरे. दोन, चाकांचे फेरे. तीन, इंजिन ओढतंय की गाडी नुसती पळतेय, म्हणजे लोड. चार, वारा. आणि पाचवा, खालचा रस्ता. यातला धनी कोण ते सापडलं की गाडीचा बाकीचा भाग आपोआप निर्दोष ठरतो.

सुरुवात गाडी उभी असतानाच कर. न्यूट्रलमध्ये इंजिन 3000 फेऱ्यांपर्यंत ने. आवाज आला तर तो बेल्ट, आयडलर, टेन्शनर किंवा डायनॅमोचं बेअरिंग यांच्याकडे शोधायचा. हायवेला जायची गरजच नाही. स्टिरिओ बंद करूनही बघ. अर्थिंग ढिलं असेल तर डायनॅमोची कुईकुई स्पीकरमधून येते आणि लोक इंजिन खोलून बसतात.

उभ्या गाडीत आवाज नसेल तर रस्त्यावर जा. खंबाटकी घाटाच्या अलीकडचा सरळ पट्टा, सकाळी रहदारी कमी असताना. चालवणारा एक आणि ऐकणारा दुसरा, हे कधी मोडू नकोस. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. पाचव्या गिअरमध्ये 80 धर, मग वेग तोच ठेवून चौथा टाक. चाकांचे फेरे तेवढेच राहिले, इंजिनाचे वाढले. आवाज वर चढला तर तो इंजिनाच्या बाजूचा. तसाच राहिला तर इंजिन सुटलं. खात्री म्हणून सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी थोडी पळू दे. इंजिन आयडलला येईल आणि आवाज चालूच राहील. ही चाचणी घाटात करायची नाही, आणि चालत्या गाडीची चावी कधीही बंद करायची नाही. ब्रेकचा बूस्टर निकामी होतो, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आवाज शोधण्यापायी जीव धोक्यात घालणारा मिस्त्री मला नको.

आता लोड. एकाच वेगावर ॲक्सिलरेटर थोडा दाब, मग सोड. पाय दिल्यावर आवाज आणि सोडल्यावर गप्प, किंवा बरोबर उलट, असं झालं तर क्राउन-पिनियनकडे बघ, कारण ओढताना दातांची एक बाजू काम करते आणि सोडल्यावर दुसरी. अशा वेळी सर्वांत आधी गिअर ऑइलची पातळी बघायची. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, काउंटर शाफ्टच्या दातांवर भार नसतो. आवाज चौथ्यात गेला तर गिअरबॉक्स, चौथ्यातही राहिला तर मागचं डिफरन्शियल. एवढ्याशा चाचणीने दोन दिवसांचं उतरवणं वाचतं.

चाकांकडे येताना घाई करू नकोस. बेअरिंग खराब झालं की ते सहसा जाड घूंघूं करतं, बारीक किंचाळत नाही. 60-70 च्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे-डावीकडे ने. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं; तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. नंतर जॅकवर घेऊन चाक फिरव आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेव. खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते. ही खरखर लागल्याशिवाय बेअरिंग बदलायचं नाही.

टायरसाठी तळहात वापर. ट्रेडवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरव. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं तर टायर वाकडा झिजलाय, अलाइनमेंट बिघडलेली आहे. पुढचे टायर मागे टाकून बघ. आवाजाची जागा सरकली तर चोर सापडला. टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडेही वाच. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. जुना, कडक झालेला टायर नवा असल्यासारखा दिसतो, पण आवाज जास्त करतो.

रस्ताही विसरू नकोस. सिमेंटच्या रस्त्याला पकड यावी म्हणून आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. खाचा दोन सेंटिमीटरवर आल्या तर टायर सेकंदाला 1250 खाचांवर आपटतो, आणि तेवढ्या कंपनांचा सूर कानाला बारीक शिट्टीसारखा लागतो. म्हणून डांबरी आणि सिमेंट, दोन्ही रस्त्यांवर ट्रायल मारल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर गाडी गाते आणि गावच्या डांबरी रस्त्यावर गप्प बसते, अशी तक्रार आली तर गिऱ्हाइकाला खर्चात न पाडता हेच समजावून सांग.

हा हिशेब तुला कायम उपयोगी पडेल. मोबाइलवर आवाजाची कंपनं मोजणारं ॲप मिळतं. ऐकणाऱ्याने सेकंदाला किती कंपनं ते टिपायचं आणि तू कागदावर मांडायचं. साध्या गाडीच्या टायरचा घेर 1.9 मीटरच्या आसपास. म्हणजे 90 ला चाक सेकंदाला सुमारे 13 वेळा फिरतं. 13 कंपनं शिट्टी होऊच शकत नाहीत. तो बॅलन्सिंगचा थरथराट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्राउनला 70 दात धरले तर 13 गुणिले 70, म्हणजे 900 च्या वर. हा मात्र बारीक आवाज. चार सिलिंडरचं इंजिन 3000 फेऱ्यांना सेकंदाला 100 वेळा पेटतं. तो जाड घुमका. ॲपने हजार-बाराशे दाखवलं की इंजिनाची घुमघुम आणि चाकाचा थरथराट दोन्ही यादीतून जातात. गुरुजींच्या गाडीचा आवाज एकदा असा मोजला असतास तर बेअरिंगची शंका तिथेच फिकी पडली असती.

राहिला वारा, आणि माझा संशय तिथेच आहे. तूच फोनवर तीन गोष्टी सांगितल्यास आणि तिन्ही वाऱ्याकडे बोट दाखवतात. गिअर बदलून सूर बदलत नाही. आवाज हळूहळू वाढत नाही, 80 जवळ अचानक फुटतो. आणि मोठ्या ट्रेलरच्या बाजूने पुढे जाताना क्षणभर तुटतो. ट्रेलरच्या आडोशाला चाकं पहिल्याइतकीच फिरत असतात, टायर त्याच रस्त्यावर असतात. बदलतो फक्त अंगावरून जाणारा वारा. एवढा पुरावा हातात असताना तू जॅक लावलास.

वाऱ्याचं शास्त्र थोडक्यात समजून घे. बारीक फटीवरून किंवा पातळ कडेवरून हवा वेगाने गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा सूर निघतो. गोल दांडीच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात. चार मिलिमीटर जाडीच्या अँटेनामागे 90 च्या वेगाला ते सेकंदाला साधारण 1250 वेळा सुटतात. म्हणूनच पुष्कळ अँटेनांवर पिळाची रेघ असते. ती भोवऱ्यांची लय मोडते आणि आवाज मरतो. शिवाय वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या जवळजवळ सहाव्या घाताने चढते. 80 चे 100 केलेस की ती चौपटीला पोचते. गावात चालवताना गाडी गप्प का असते, याचं उत्तर यात आहे.

आता करायचं काय ते क्रमाने सांगतो. आधी गुरुजींना विचार: आवाज सुरू होण्याच्या आधी गाडीला काय नवीन बसवलं? वरचं कॅरियर, दारांचे रेन व्हायजर, नवी पुढची काच, बंपरची जाळी, काहीही. आपल्याकडे बाहेरून आणून चिकटवलेले व्हायजर फार असतात आणि त्यांचं एक टोक हळूच सुटतं. मग दारांची रबरं तपास. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लाव आणि ओढ. सहज निसटली तर तिथलं रबर बसलंय. चारही दारांना, प्रत्येकी चार-पाच जागी.

नंतर कागदी टेप घे. व्हायजरच्या कडा, आरशाच्या बुडाच्या फटी, पुढच्या काचेची किनार, बॉनेटची पुढची फट, सगळं बंद कर. रेडिएटरची जाळी मोकळी ठेव, नाहीतर इंजिन तापेल. गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ने. आवाज गेला तर वारा सिद्ध झाला. आता एकेक टेप काढ आणि दर वेळी फेरी मार. एका वेळी एकच टेप. दोन एकदम काढल्यास तर आवाज कुठून परत आला ते कळणार नाही. काम झालं की टेप लगेच काढ, उन्हात डिंक रंगाला चिकटतो. टेप लावूनही आवाज राहिला तर माझा संशय चुकीचा धर आणि पहिल्यापासून क्रम लाव. माझ्या शब्दावरही गाडी दुरुस्त करायची नाही, चाचणीवर करायची.

प्रत्येक चाचणी वहीत लिही: वेग, गिअर, रस्ता, वाऱ्याची दिशा, आवाज होता की नाही. जाताना आणि येताना दोन्ही नोंदी कर. समोरून वारा असताना सूर चढा आणि पाठीमागून असताना उतरता लागला तर तोही पक्का पुरावा. पुढच्या वेळी तसलीच गाडी आली की ही वही तुझा निम्मा वेळ वाचवेल.

आता पैशांचं. गुरुजींना समोर बसवून सांग की बेअरिंग बदलण्याची गरज नव्हती. मजुरी परत कर, आणि काढलेलं बेअरिंग जपून ठेवलं असशील तर त्यांना दाखव. ते दर आठवड्याला पुण्याला जातात. तो आवाज त्यांना तासन् तास सहन करावा लागतो. "या गाड्यांना असतोच आवाज" हे वाक्य तुझ्या गॅरेजमध्ये कुणी उच्चारता कामा नये. माणूस आवाज ऐकू येतो म्हणतो तेव्हा तो असतो. तुला ऐकू आला नाही तर त्याच्या शेजारी बसून, त्याच्या रस्त्यावर, त्याच्या वेगाला ऐक.

तुझा हात चांगला आहे, ताईला मी नेहमी सांगतो. हाताच्या आधी कान आणि वही वापरायची सवय तेवढी लाव. रविवारी सकाळी टेप लाव, ट्रायल मार आणि वहीचं ते पान मला फोनवर वाचून दाखव. तोवर गिअरबॉक्सचा एकही बोल्ट ढिला करू नकोस.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
दादामामा