मोजावे की मापावे?

एका नदीकाठच्या गावी पूर येऊन गेला आहे, अशी कल्पना करा. पाणी ओसरले आहे. परंतु घरांच्या भिंती खचल्या आहेत, कणग्यांतील धान्य भिजून गेले आहे आणि माणसे देवळात व शाळेत आश्रयाला राहिली आहेत. दूरच्या एका प्रांतातील मदत समितीने घोंगडी पाठविण्याचे मान्य केले असून, कोणत्या गावाची गरज किती आहे, असे तिने पत्राने विचारले आहे. समितीतील मंडळींना मराठी येत नाही. म्हणून गावातील एक शिकलेला तरुण इंग्रजीत उत्तर लिहितो : ‘वी हॅव अ फ्यू ब्लँकेट्स.’ आपल्याकडे थोडीच घोंगडी आहेत, हे कळवावे असा त्याचा हेतू. पत्र पोहोचते, समितीतील मंडळी ते लक्षपूर्वक वाचतात, आणि घोंगड्यांची मोटार दुसऱ्याच गावाकडे रवाना होते.

तरुणाच्या पत्रात शब्दांची लेखने अचूक होती. वाक्यरचनाही निर्दोष होती. केवळ एका अक्षराने घात केला. ते अक्षर कोणते, हे पाहण्यापूर्वी आपल्याला वाण्याच्या दुकानात एक फेरी मारून यावे लागेल.

आईने चार काडेपेट्या, दोन नारळ, साखर आणि गोडेतेल आणावयास सांगितले आहे. वाणी काय करतो? काडेपेट्या आणि नारळ तो मोजून देतो. साखर ताजव्यात घालून तोलतो आणि तेल मापाने ओततो. जगातील सर्व वस्तूंची अशी दोन प्रकारे वाटणी करता येते. काही आपण एक, दोन, तीन असे म्हणत मोजतो. काही भांड्याने वा वजनाने मापतो. आपल्या भाषेने ‘मोजमाप’ या एकाच शब्दात या दोन्ही क्रिया शेजारीशेजारी बसविल्या आहेत.

विचारताना मात्र आपण दोहोंना एकच शब्द वापरतो. ‘किती नारळ?’ आणि ‘किती तेल?’ ‘पुष्कळ आंबे’ आणि ‘पुष्कळ दूध’. इंग्रजी भाषा येथे दोन वेगळे शब्द योजते. मोजण्याच्या वस्तूंना ती ‘मेनी’ म्हणते, मापण्याच्या वस्तूंना ‘मच’. ‘मेनी मँगोज’, पण ‘मच मिल्क’. नारळ किती हे विचारावयाचे तर ‘हाउ मेनी’, आणि तेल किती हे विचारावयाचे तर ‘हाउ मच’. ‘सम’ आणि ‘अ लॉट ऑफ’ हे शब्द मात्र आपल्या ‘काही’ व ‘पुष्कळ’ यांच्यासारखे समजूतदार आहेत. ते दोन्हीकडे चालतात.

यावरून, हा भेद मराठीला ठाऊकच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. ‘अनेक आंबे’ असे आपण म्हणतो. ‘अनेक दूध’ असे कोणी म्हणते काय? ‘प्रत्येक मुलगा’ ठीक आहे, पण ‘प्रत्येक पाणी’ हे कानाला खटकते. आता ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा : ‘मी तुझी पुष्कळ वेळ वाट पाहिली.’ ‘मी तुझी पुष्कळ वेळा वाट पाहिली.’ पहिल्या वाक्यातील वेळ ही तेलासारखी मापण्याची आहे. दुसऱ्या वाक्यातील वेळा या नारळांसारख्या मोजण्याच्या आहेत. इंग्रजीत पहिलीकरिता ‘मच टाइम’ आणि दुसरीकरिता ‘मेनी टाइम्स’ येईल. एका कान्याने मराठीने जे साधले, तेच हे.

मग कोणते नाम मोजण्याचे आणि कोणते मापण्याचे, हे वस्तूकडे पाहून ओळखता येईल ना? येथेच गंमत आहे. स्वयंपाकघरात जाऊन पाहा. आई ‘तांदूळ निवडले’ असे म्हणते. हे अनेकवचन झाले. तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’, म्हणजे एकवचन! ‘गहू दळले’, पण ‘ज्वारी दळली’. गव्हाचे दाणे वेगवेगळे दिसतात आणि ज्वारीचे दिसत नाहीत, असे थोडेच आहे? भाषेने एकाकडे दाण्यांच्या दृष्टीने पाहिले आणि दुसरीकडे राशीच्या दृष्टीने. इंग्रजीतही असेच आहे. ‘राइस’ आणि ‘व्हीट’ ही तेथे मापण्याची नामे आहेत, परंतु ‘ओट्स’ हे धान्य अनेकवचनी आहे. तेव्हा ‘राइसेस’ असे का म्हणू नये, असा वाद इंग्रजांशी घालण्यात अर्थ नाही. ते उलट आपल्याला ज्वारीविषयी विचारतील.

म्हणून मराठीतील वचन तसेच इंग्रजीत नेऊ पाहिले की ठेच लागते. आपले केस पांढरे ‘होतात’. इंग्रजाचे डोक्यावरील सगळे केस मिळून ‘हेअर’ हे एकवचनी नाम होते. आपले पैसे अनेकवचनी, त्यांचे ‘मनी’ एकवचनी. रुपये मोजता येतात, म्हणून ‘मेनी रुपीज’ चालेल. परंतु ‘मेनी मनी’ चालणार नाही. आपण दोन बातम्या सांगतो. इंग्रजीतील ‘न्यूज’च्या शेवटी ‘स’ दिसत असूनही त्याचे क्रियापद एकवचनी असते. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘ॲडव्हाइस’ यांची अनेकवचने करण्याचा मोह आपल्याकडील मोठ्या माणसांनाही आवरत नाही. ‘इन्फर्मेशन’ मात्र आपल्याला जड जाऊ नये, कारण आपली ‘माहिती’ही तशीच आहे. ‘माहित्या’ असे कोणी लिहीत नाही.

शेवटी ‘स’ दिसला की अनेकवचन, ही समजूत खुद्द इंग्रजांनाही एकदा भोवली आहे. वाटाण्याला त्यांच्याकडे पूर्वी ‘पीझ’ असा शब्द होता. तो आपल्या ज्वारीसारखा एकवचनी होता. परंतु त्याच्या शेवटच्या ध्वनीमुळे तो लोकांना अनेकवचनी वाटू लागला. ‘पीझ’ हे पुष्कळ वाटाणे असतील, तर एका वाटाण्याला ‘पी’ म्हणावयास हवे, असा तर्क चालला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हा नवा शब्द रूढ झाला. ज्याला आज सारे शुद्ध मानतात, तो शब्द असा चुकीतून जन्मला! जुन्या ‘पीझ’ची खूण ‘पीझ पुडिंग’ या वाटाण्याच्या पदार्थाच्या नावात अजून राहिली आहे.

मापण्याची वस्तू मोजावयाचीच असेल, तर तिला भांड्यात घालावे किंवा तिचा तुकडा करावा. आपण पेलाभर पाणी, मूठभर तांदूळ, चिमूटभर मीठ असे म्हणतो. ‘भर’ हा आपल्या भाषेतला मोठा उपयोगी प्रत्यय आहे. इंग्रजीत त्याच जागी ‘फुल’ येतो. मूठभर म्हणजे ‘हँडफुल’, चमचाभर म्हणजे ‘स्पूनफुल’. तांदळाचा दाणा, भाताचे शीत, गुळाचा खडा, गवताची काडी, पाण्याचा थेंब असे जे वेगवेगळे शब्द आपण सहज वापरतो, तसे तेथेही आहेत. आणि सल्ल्यासारख्या न दिसणाऱ्या वस्तूलाही ते ‘पीस’, म्हणजे तुकडा, जोडतात : ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’.

आता ‘कमी’ या अर्थाच्या शब्दांकडे वळू. मोजण्याच्या वस्तू कमी असल्या तर ‘फ्यूअर’ आणि मापण्याची वस्तू कमी असली तर ‘लेस’, असे आज इंग्रजीच्या वर्गात शिकवितात. हा नियम वाटतो तितका पुरातन नाही. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाने ‘कमी शब्द’ या अर्थीही ‘लेस’ वापरला होता. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली आपल्या पुस्तकात, अशा ठिकाणी आपल्याला ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो, असे मत मांडले. आणि पुढे एका माणसाच्या आवडीचा नियम झाला. विलायतेतील दुकानांत, दहा किंवा कमी वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. वस्तू मोजण्याच्या, म्हणून ‘फ्यूअर’ हवे, अशी तक्रार व्याकरणप्रेमी करीत. अखेरीस २००८ साली टेस्को या मोठ्या दुकानदार कंपनीने ‘अप टु टेन आयटम्स’, म्हणजे ‘दहापर्यंत वस्तू’, अशी पाटी लावावयाचे ठरविले. दोन्ही शब्द टाळले की भांडणच उरत नाही! ‘अधिक’ या अर्थी मात्र दोन्हीकडे एकच ‘मोर’ चालतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. परीक्षेत तुम्ही ‘फ्यूअर बुक्स’ व ‘लेस मिल्क’ असेच लिहा.

आता पुन्हा त्या पुराच्या गावी जाऊ. ‘फ्यू’ हा शब्द मोजण्याच्या नामांसाठी आहे आणि ‘लिटल’ मापण्याच्या. घोंगडी मोजता येतात, म्हणून त्या तरुणाने ‘फ्यू’ निवडला, हे बरोबरच झाले. परंतु त्यामागे त्याने ‘अ’ लावला. ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोडी, का होईना, पण आहेत. नुसते ‘फ्यू’ म्हणजे फारच थोडी, जवळजवळ नाहीतच. ‘अ लिटल वॉटर’ म्हटले तर घोटभर तरी पाणी आहे, असा धीर येतो. ‘लिटल वॉटर’ म्हटले की घसा कोरडा पडतो. वस्तू तेवढीच असेल; बोलणारा तिच्या असण्याकडे बोट दाखवितो की नसण्याकडे, एवढाच फरक.

मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘आमच्याकडे थोडी घोंगडी आहेत’ आणि ‘आमच्याकडे थोडीच घोंगडी आहेत’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. तरुणाच्या मनात ‘थोडीच’ होते; कागदावर ‘थोडी’ उतरले. समितीला वाटले, यांचे तूर्त भागते आहे. मराठीत जेथे अक्षर वाढवावे लागते, तेथे इंग्रजीत ते गाळावे लागते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. ‘अ’ ठेवावयाचाच होता, तर त्याने आधी ‘ओन्ली’ घालावयाचा होता. मग अर्थ ‘थोडीच’ असाच झाला असता. किंवा सरळ देवळात जाऊन घोंगडी मोजावयाची, माणसे मोजावयाची, आणि पत्रात ते दोन आकडे लिहावयाचे.