पात्यावरचा लांडगा कुठला?

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक लांब, सरळ तलवार आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते. यंदा पुसताना मुठीजवळ पात्यावर एक चिन्ह दिसलं. पितळी रेघांनी काढलेलं, पळत्या कुत्र्यासारखं. पुण्यात शिकणारा माझा भाचा म्हणतो, तलवार जर्मन आहे. जर्मन सैनिकी इतिहासावर संग्राहकांसाठी संदर्भग्रंथ मिळतात, त्यात चिन्ह शोधलं की कारागिराचं नाव आणि साल कळेल. हे खरं का? असा ग्रंथ विकत घ्यावा का?
– एक वाचक, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा

उत्तर : भाच्याचा पहिला अंदाज बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे. नाव आणि साल मात्र इतक्या सहज हाती लागणार नाही. आणि ग्रंथ घाईने मागवू नका, कारण बहुधा नेमका चुकीचा ग्रंथ घरी येईल.

ते चिन्ह कुत्र्याचं नसून लांडग्याचं असावं. डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावचे तलवारकार मध्ययुगात पात्यावर छिन्नीने चार-सहा रेघांत धावता लांडगा कोरत आणि त्या रेघांत पितळ ठोकून बसवत. पुढे वुपर नदीजवळच्या सोलिंगेनच्या कारागिरांनी हीच खूण उचलली. लांडगा म्हणजे चांगलं पोलाद, अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली होती, आणि ती समजूत विकली जात होती. १६२९च्या सुमारास सोलिंगेनचे काही कारागीर लंडनजवळच्या हाउन्स्लोला जाऊन स्थायिक झाले, तेव्हा लांडगाही त्यांच्याबरोबर इंग्लंडात गेला. कॉकेशसच्या डोंगरातले लोहार तर जर्मनी न पाहताच तो कोरू लागले. म्हणजे लांडगा सापडला म्हणून गाव ठरत नाही, शतकही ठरत नाही.

सोलिंगेनमध्ये तलवार एका हाताने घडत नसे. पाणी देणारे आणि घासणारे यांच्या संघाला १४०१ मध्ये सनद मिळाली, पातं घडवणाऱ्या लोहारांच्या संघाला १४७२ मध्ये. प्रत्येक लोहाराची स्वतःची खूण असे आणि ती संघाकडे नोंदलेली असे. योहानेस वुंडेस यांची खूण मुकुटधारी राजाचं मस्तक, क्लेमेन्स होर्न यांची एकशिंगी घोड्याचं मस्तक. पण खूण ही मालमत्ता होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, विकलीही जाई. वुंडेस घराण्यात राजाचं मस्तक पिढ्यान्‌पिढ्या चाललं. राजाचंच मस्तक एकोणिसाव्या शतकात वायर्सबेर्ग-किर्शबाउम या कारखान्याच्या शिक्क्यावर दिसतं. नुसतं मस्तक पाहून साल सांगायचं तर दोन-अडीचशे वर्षांची चूक सहज होईल.

आता भाचा म्हणतो त्या ग्रंथांविषयी. बाजारात सहज मिळणारे संग्राहकांचे जर्मन ग्रंथ बहुतेक १८७१ ते १९४५ या काळाचे असतात. प्रशियाची टोकदार शिरस्त्राणं, आयर्न क्रॉस, पदकं, गणवेशाबरोबरचे खंजीर असा त्यांचा विषय. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू गोळा करणाऱ्यांना ते फार उपयोगी. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्या आघाडीवरून कुणाच्या घरी एखादा जर्मन बिल्ला आला असेल तर त्याची ओळख पटवायला हे ग्रंथ जरूर पाहावेत. तुमच्या तलवारीला त्यांचा उपयोग नाही. अपवाद एकच : पात्यावर ठसठशीत रोमन अक्षरांत कारखान्याचं नाव आणि देशाचं नाव ठोकलेलं निघालं तर. मालावर उत्पादक देशाचं नाव हवं, असा नियम अमेरिकेने १८९० मध्ये केला आणि त्यानंतर निर्यातीच्या मालावर ते सर्रास येऊ लागलं.

जुन्या पात्यांसाठी दोन जर्मन नावं लक्षात ठेवा. वेंडेलिन ब्योहाइम यांचा शस्त्रविद्येवरचा १८९०चा मोठा ग्रंथ, ज्यात खुणांची चित्रं आहेत. आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या सोलिंगेनच्या तलवारकारांवरचं आल्बेर्ट वायर्सबेर्ग यांचं १९२६चं पुस्तक. विकत घेण्याआधी ती मोठ्या ग्रंथालयात चाळावीत. आपल्या बाजूने विल्ब्रहॅम एगर्टन यांची हिंदी शस्त्रांची १८८०ची सूची, फिलिप रॉसन यांचं हिंदुस्थानी तलवारीवरचं १९६८चं पुस्तक आणि जी. एन. पंत यांचे ग्रंथ आहेत.

ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, असं माझं ठाम मत आहे. तुमची तलवार बहुधा फिरंग आहे : पातं युरोपातलं, मूठ इथली. गोवा, सुरत अशा बंदरांत युरोपी जहाजं पाती उतरवत, बहुधा मुठीवाचूनच. मूठ इथले कारागीर चढवत. हात झाकणारी परज, दुसऱ्या हाताने धरायला मुठीच्या टोकाला गज, आणि पात्याला बळकटी देणाऱ्या, रिबिटांनी ठोकलेल्या लांब लोखंडी पट्ट्या, ही सगळी करामत इथली. जर्मन ग्रंथ मुठीपाशी येऊन थांबतो. तिच्यापुढचं आपणच वाचायचं.

याचा सर्वांत चांगला दाखला नुकताच आपल्या समोर आला. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी, एकधारी. पण तिचं मोल ठरलं ते पाठीवर देवनागरीत सोन्याने लिहिलेल्या रघूजींच्या नावामुळे आणि ‘सेनासाहेब सुभा’ या पदवीमुळे. ते पातं कुठल्या लोहाराचं, हा प्रश्न मागे पडला. वऱ्हाडात चौथाई वसूल करणाऱ्या घराण्याची ही तलवार. तुमच्या घरच्या तलवारीची ती सख्खी शेजारीण.

तुमच्या तालुक्यात तर अशी तलवार सापडणं नवल नाही. सिंदखेड ही लखुजी जाधवरावांची जागीर. साखरखेर्ड्याला १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली आणि दख्खनची सत्ता निजामाकडे गेली. या मुलखातून फौजा पुन्हापुन्हा गेल्या. म्हणून तलवार त्याच लढाईतली असं मात्र पुराव्याशिवाय म्हणू नका.

पुरावा गोळा करायचा तो असा. लिंबू, चिंच, राख, विटेची भुकटी यातलं काहीही पात्याला लावू नका. खूण त्यातच झिजून जाते. मऊ सुती कापडाने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. पूजेत हळद-कुंकू आणि पाणी म्यानावर राहू द्या, पात्यावर नको. सकाळच्या तिरप्या उन्हात पातं धरून दोन्ही अंगं पाहा. पन्हळी किती, त्या टोकापर्यंत जातात की मध्येच थांबतात, जौहराच्या, म्हणजे पोलादातच उमटलेल्या, लहरी दिसतात का? लहरी दिसल्या तर पातं पूर्वेकडचं मानायचं. जर्मन पातं साध्या पोलादाचं असतं. काही अक्षरं किंवा कोयत्यासारखी दातेरी चंद्रकोर दिसते का? ही कोयत्याची खूण मूळ जिनोव्हाची, पण आपल्याकडच्या लोहारांनीही ती भरपूर उतरवली. खुणेचा काही भाग मुठीच्या पट्ट्यांखाली दडलेला असू शकतो. तो पाहण्यासाठी रिबिटं काढू नका आणि मूठ तापवू नका. पात्याची लांबी, रुंदी, वजन लिहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तलवारीबद्दल जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून उतरवून घ्या.

हे कागद घेऊन नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजबबंगल्यात, विचारायला जा. १८६३ पासूनची ही संस्था आहे आणि शस्त्रांचं दालन तिथे आहे. तलवार स्वतः नेण्याआधी तुमच्या पोलीस ठाण्यात शस्त्र कायद्याबाबत चौकशी करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी फोटो पाहून किंमत देऊ केली तर त्याला हेच कळवा.