सबवूफरची पारख : कोन आणि मधली टोपी

कापडाच्या धंद्यात वीण पाहिल्याशिवाय आम्ही थान उचलत नाही. तरीही पुतण्याला लग्नकार्यात साउंड भाड्याने देण्याचा धंदा काढून देताना आम्ही फसलो. अठरा इंची दोन जुने सबवूफर घेतले, तेही मधली चकचकीत टोपी पाहून. तिसऱ्याच कार्यात एकाची कॉइल जळाली. मिस्त्रीने उघडून दाखविले : कोन बदलताना कॉइल मध्यावर बसविलीच नव्हती आणि वर भलतीच जड टोपी चिकटविली होती. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. या धंद्यात नव्याने पडणाऱ्या तरुणांनी आमच्या नुकसानीवरून थोडे शिकून घ्यावे.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही गोष्ट लवकर उमगेल. पहाटे होळी पेटेपर्यंत तेथे रात्रभर मोठमोठे ढोल वाजतात. ढोलाचे कातडे कडेला ताणून बांधलेले असते. थाप पडली की ते मधोमध लवते, थरथरते आणि त्या थरथरण्यातच ढोलाचा आवाज असतो. सबवूफरच्या कोनाचे काम उलट आहे. त्याची कड लवचीक असते आणि सबंध कोनाने पिचकारीच्या दट्ट्यासारखे एकसंध पुढे-मागे सरकायचे असते. तो स्वतःच लवू लागला तर ढोलाच्या आवाजात त्याचा आवाज मिसळतो.

म्हणूनच शंकूचा आकार. सपाट कागद हातात धरला तर मान टाकतो; त्याचीच किराणा दुकानदारासारखी पुडी वळली तर ताठ उभा राहतो. अमेरिकेत राइस व केलॉग यांनी 1925 साली कॉइलवर चालणाऱ्या कागदी कोनाचा स्पीकर मांडला. आजही पुष्कळ मोठे सबवूफर कागदी लगद्याच्या कोनाचेच असतात, कारण कागद हलका, ताठ आणि आवाज लवकर जिरविणारा. सातपुड्याच्या पावसात मात्र लेप न दिलेला कागद ओल धरून मऊ पडतो. प्लॅस्टिकच्या कोनाला ओलीची भीती नाही, पण तो चिकटविणे अवघड.

आता टोपी, म्हणजे डस्ट कॅप. गिऱ्हाईक प्रथम तिच्याकडेच पाहते. ती फुगीर असावी की खोलगट, यावर दुकानात वाद चालतात. 40 हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिच्यापुढे काही इंचाच्या टोपीच्या आकाराने काय फरक पडणार? बारीक स्वरांच्या स्पीकरला तो पडतो. सबवूफरमध्ये टोपीचे खरे काम धूळ व लोखंडाचा कीस कॉइलच्या फटीत जाऊ न देण्याचे. मोठी टोपी कोनाला घट्ट चिकटविली तर कोनाचा मधला भाग अधिक ताठ होतो, हा फायदा.

तोटा वजनाचा. हलणारे सारे वजन दुप्पट झाले तर आवाज 6 डेसिबल उतरतो आणि तो भरून काढायला अँप्लिफायरची ताकद चौपट लावावी लागते. टोपीने एवढे वजन वाढत नाही, पण घसरण त्याच दिशेची. मग पोरे व्हॉल्यूम वाढवितात आणि कॉइल तापते. टोपीखाली कोंडलेल्या हवेलाही वाट हवी : चुंबकाच्या मधल्या छिद्रातून, नाहीतर जाळीदार कापडी टोपीतून. पण बंद पेटीत तीच जाळीदार टोपी हवा गळू देते व फुसफुसते.

कापडवाले म्हणून आम्हाला एका गोष्टीचे कौतुक वाटते. कोनाची कड आणि मागची स्पायडर ही बहुधा राळ पाजलेल्या सुती किंवा मिश्र कापडाचीच. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुगा होते, कापडाची टिकते.

जुना माल घेताना दोन्ही तळवे कोनावर समान टेकवून हळूच दाबा. कुठे खरखर लागली तर कॉइल घासते आहे, सौदा सोडा. टोपीभोवती डिंकाचा जाड वळ दिसला तर ती बदललेली आहे असे समजून भाव करा.

आमचा दुसरा सबवूफर वाचला. मिस्त्रीने जड टोपी काढून मूळ वजनाची कापडी टोपी बसविली. दिसायला साधा आहे, पण भाड्याला तोच जातो.