धडाचे वळण : वजनासह करावयाच्या एका व्यायामाविषयी

पहाटे आपल्या वसतिगृहाच्या मैदानावर गेल्यास पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आजही दिसतात. धावणे आटोपले की गोळाफेक सुरू होते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. गोळा दंडाच्या बळावर जातो, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक जोर पायांतून निघतो, कमरेवाटे वर चढतो आणि धडाच्या वळणातून खांद्यास मिळतो; हाताचे काम अगदी शेवटी येते. म्हणूनच व्यायामशाळेत ज्यास ‘रशियन ट्विस्ट’ म्हणतात, तो बसून वजनासह धड वळविण्याचा व्यायाम ही मुले आवडीने करतात, आणि बहुधा चुकीचा करतात.

ही चूक काही वर्षांपूर्वी मीच शिकविली. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु मैदानावर कोणी नसे म्हणून उभा राहत असे. “वजन वाढवा, वेग वाढवा,” एवढेच माझे मार्गदर्शन. एका विद्यार्थ्याने पुस्तकांनी भरलेले दप्तर हातांत धरून झपाझप वळणे घेतली. भरती दहा दिवसांवर असताना त्याची कंबर धरली. त्या वर्षीची संधी गेली. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे अधिक लागले. त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला.

कारण कण्याच्या रचनेत आहे. कमरेच्या पाच मणक्यांचे सांधे पुढे-मागे वाकण्यास अनुकूल आहेत. वळण्यास त्यांत फारच थोडी जागा असते. वळण्याचे मुख्य काम छातीमागील बारा मणक्यांचे आहे. पाठीला पोक काढून, झटके देत वळल्यास सारा ताण कमरेवर येतो. पोटाच्या बाजूंचे तिरके स्नायू जोडीने काम करतात : उजवीकडे वळताना डावीकडील बाहेरचा व उजवीकडील आतला. वेगाच्या भरात हे स्नायू बाजूस राहतात आणि वजनच शरीरास फिरवू लागते.

आता कृती. सतरंजीवर बसावे, गुडघे वाकवावेत, टाचा जमिनीस टेकलेल्या असाव्यात. (पाय अधांतरी धरणे ही पुढची पायरी, पहिल्या दिवशीच ती करून दाखविण्याचा मोह मुलांना फार असतो.) पाठ ताठ ठेवून पोट आवळले जाईल इतकेच मागे रेलावे. पाठ गोल होऊ लागली की मर्यादा ओलांडली, असे समजावे. वजन दोन्ही हातांनी छातीजवळ धरावे. श्वास सोडत छातीचे हाड एका बाजूस वळवावे, नजरही तिकडेच न्यावी, क्षणभर थांबावे, श्वास घेत मध्यावर यावे आणि मग दुसरी बाजू घ्यावी. वजन जमिनीस टेकविण्याचा हट्ट नको. त्यात केवळ हात फिरतात, धड जागचे हलत नाही. परीक्षा सोपी आहे : समोर बसलेल्या मित्राने गुडघ्यांकडे पाहावे. गुडघे डोलू लागले, तर कंबर फिरते आहे.

पहिले काही दिवस रिकाम्या हातांनीच करावे. नंतर दोन किलो वाळूची घट्ट शिवलेली पिशवी पुरे. प्रत्येक बाजूस आठ-दहा वळणे, अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. डौल बिघडला की संख्या अपुरी असली तरी थांबावे. कमरेत कळ आली किंवा ती पायात उतरली, तर डॉक्टरांस दाखवावे. मणक्याचा विकार, हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांस विचारल्याविना हा व्यायाम करू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो : बसलेल्या स्थितीत कंबर स्थिर असते, गोळा फेकताना ती पायांसह वळते. म्हणून पाया पक्का झाल्यावर उभे राहून, पाय व कंबर दोन्ही वळवीत, जड चेंडू बाजूने भिंतीवर फेकण्याचा सराव करावा. आपल्या मैदानाची पूर्वेकडील भिंत त्यासाठी उत्तम आहे. फक्त सकाळच्या अभ्यासाच्या तासाला नको, आवाज वर्गापर्यंत येतो.